तोफांच्या आवाजात वाढणारी पिले

लष्कराचे सराव-मैदान म्हटले की डोळ्यांपुढे काटेरी तारेचे कुंपण येते, आत जाण्यास मनाई करणारी पाटी येते आणि कानांत तोफांचा आवाज घुमू लागतो. देवळाली किंवा अहिल्यानगरच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा आवाज घरबसल्या परिचयाचा असेल. अशा जागी गवत जळते, जमीन खणली जाते, रणगाड्यांच्या पट्ट्यांखाली मातीचा भुगा होतो. तिथे एखादा दुर्मिळ पक्षी सुखाने संसार करतो असे कोणी सांगितले, तर आपण हसून सोडून देऊ.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मात्र असे घडले आहे. तिथे फोर्ट ब्रॅग नावाचा लष्करी तळ आहे. १९१८ साली तोफखान्याच्या सरावासाठी तो उभारला गेला. मध्यंतरी २०२३ मध्ये त्याचे नाव फोर्ट लिबर्टी झाले होते, २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट ब्रॅग झाले. क्षेत्रफळ सुमारे एक लाख साठ हजार एकर. विमानातून छत्रीने उड्या मारणाऱ्या सैनिकांचे हे मोठे केंद्र आहे. आणि याच तळावर एका सुतारपक्ष्याला नामशेष होण्यापासून वाचवण्याचे काम झाले. ते कसे झाले, कोणी केले आणि त्यात आपण शिकण्यासारखे काय आहे, हे या महिन्यात पाहू.

एकत्र कुटुंबाचा पक्षी

या पक्ष्याचे इंग्रजी नाव रेड-कॉकेडेड वुडपेकर. अंगाने मैनेहून थोडा लहान, पाठीवर काळे-पांढरे पट्टे. नराच्या डोळ्यामागे लाल रंगाची एक बारीक रेघ असते, तीही जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही. दिसायला साधा असला तरी त्याची राहणी वेगळी आहे.

बहुतेक सुतारपक्षी वाळलेल्या, कुजलेल्या खोडात घर करतात, कारण ते लाकूड मऊ असते. हा पक्षी जिवंत पाइनच्या झाडातच ढोली कोरतो. त्यासाठी त्याला म्हातारे झाड लागते. साठ-सत्तर वर्षांच्या पुढे गेलेल्या पाइनच्या गाभ्याला एक प्रकारची बुरशी लागते आणि आतले लाकूड नरम पडते. तरीही एक ढोली पुरी व्हायला वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. ढोलीभोवती तो सालीला लहान लहान भोके पाडतो. त्यातून चीक वाहतो आणि खोडावर मेणासारखा थापला जातो. त्या चिकट चिकामुळे अंडी खायला चढणारे साप वर पोचू शकत नाहीत. त्याने सोडलेल्या ढोल्यांत पुढे इतर पक्षी आणि उडत्या खारी राहतात.

आणखी एक गोष्ट आमच्या घरातल्या मोठ्यांना आवडेल. या पक्ष्याचे कुटुंब एकत्र असते. गेल्या वर्षीची पिले, बहुधा मुलगे, मोठी झाल्यावर लगेच उडून जात नाहीत. आईबापांजवळ राहतात, नव्या अंड्यांवर बसतात, धाकट्या भावंडांना चोचीने भरवतात. रात्री मात्र ज्याची त्याची ढोली वेगळी. म्हणजे एका कुटुंबाला एक झाड पुरत नाही, जवळ जवळ अशी अनेक म्हातारी झाडे लागतात. झाडे तोडली की पूर्ण कुटुंबच उघड्यावर येते. नवे घर करायला वर्षे लागतात आणि तेवढा वेळ त्यांच्याजवळ नसतो.

जंगल गेले, आगही गेली

ज्या पाइनवर हा पक्षी जगतो त्याला लाँगलीफ पाइन म्हणतात, कारण त्याच्या सुईसारख्या पानांची लांबी मोठी असते. एके काळी अमेरिकेच्या दक्षिण-पूर्व भागात या झाडाचे जंगल सुमारे नऊ कोटी एकरांवर पसरलेले होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी त्याचा चीक काढला. लाकडी जहाजांच्या फटी बुजवायला डांबर लागे, ते याच झाडांपासून होई. मग लाकडासाठी झाडे तोडली, मग शेते केली, गावे वसवली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या नऊ कोटींतले जेमतेम तीस लाख एकर उरले. म्हणजे रुपयातले तीन-चार पैसे.

जे उरले त्यातही एक अडचण होती. हे जंगल आगीवर पोसलेले आहे. विजेने किंवा मूळच्या आदिवासींनी लावलेली बुटकी आग दर काही वर्षांनी जमिनीलगत फिरून जाई. ती गवत आणि झुडपे जाळी, पण जाड सालीच्या पाइनला तिचे काही वाटत नसे. लाँगलीफचे रोप तर पहिली काही वर्षे गवताच्या जुडीसारखेच दिसते. वरून आग गेली तरी मधला कोंब लांब पानांच्या आड सुरक्षित राहतो आणि खाली मूळ वाढत असते. विसाव्या शतकात सरकारी खात्यांनी आग म्हणजे शत्रू असे ठरवून ती सगळीकडे विझवायला सुरुवात केली. मग पाइनच्या खाली इतर झाडे दाटली, ढोल्यांच्या उंचीपर्यंत चढली, आणि पक्ष्यांनी घरे सोडून दिली. १९७० साली हा पक्षी संकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

या काळात लष्कराच्या तळावर मात्र आग लागतच होती. तोफगोळे पडत, ठिणग्या उडत, गवत पेटे. गोळे पडणाऱ्या भागात माणूस जाऊ शकत नसे, म्हणून ना शेत झाले, ना वस्ती, ना लाकूडतोड. ते रान जुन्या काळासारखे मोकळे राहिले. यात लष्कराची दया नव्हती. लष्कराने जमीन अडवून ठेवली होती एवढेच. पण पक्ष्याला त्याचा फायदा झाला.

पक्षी आणि पलटण समोरासमोर

१९९० साली वन्यजीव खात्याने लष्कराला कळवले की, फोर्ट ब्रॅगवरच्या सरावामुळे या पक्ष्याचे अस्तित्व धोक्यात येत आहे. कायदा कडक होता. ढोल्यांच्या झाडांवर पांढरे पट्टे रंगवले गेले आणि त्यांच्यापासून २०० फुटांच्या आत सरावावर निर्बंध आले. तळ ठोकायचा नाही, खंदक खणायचे नाहीत, गाड्या वाटेल तशा न्यायच्या नाहीत. सैनिक वैतागले. ज्यांना लढाईची तयारी करायची त्यांना पक्ष्याची घरे चुकवत चालावे लागत होते.

कुंपणाबाहेर तर याहून बिकट झाले होते. ज्याच्या खासगी रानात हा पक्षी येईल त्याच्या झाडतोडीवर बंधन येई. त्यामुळे काही जमीनमालकांनी साधा हिशोब केला. झाडे म्हातारी होऊच द्यायची नाहीत. पक्षी येण्याआधीच तोडून विकायची. पक्ष्याला वाचवणारा कायदाच पक्ष्याचे उद्याचे घर पाडू लागला. माणसे दुष्ट होती असे नाही. घरात पाहुणा आला की घरच जप्त होणार असेल, तर दार कोण उघडे ठेवील?

यावर १९९५ मध्ये दोन उपाय निघाले. पहिल्याला "सेफ हार्बर", म्हणजे सुरक्षित बंदर असे नाव मिळाले. जमीनमालकाने सरकारशी करार करायचा. आज त्याच्या रानात पक्ष्याची जितकी कुटुंबे आहेत तितकी त्याने सांभाळायची. रानाची निगा चांगली राखल्याने उद्या आणखी पक्षी आले, तर त्या वाढीव पक्ष्यांमुळे त्याच्यावर नवी बंधने येणार नाहीत. भीती गेली तसे लोक पुढे आले. पहिला करार करणाऱ्यांत पाइनहर्स्टचे गोल्फचे मैदान होते.

दुसरा उपाय लष्कराचा. तळाभोवती घरे आणि वसाहती वाढत होत्या. वस्ती कुंपणाला टेकली की रात्रीच्या गोळीबाराच्या तक्रारी येतात आणि सराव बंद पडतो. पक्ष्यालाही वस्ती नको होती, लष्करालाही. म्हणून लष्कर, वन्यजीव खाते आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था यांनी मिळून शेजारच्या जमिनी, जो राजीखुशीने देईल त्याच्याकडून, विकत घेतल्या किंवा त्यावर बांधकाम न करण्याचे हक्क पैसे देऊन मिळवले. जमीन रानच राहिली. हा प्रयोग इतका जमला की २००२ साली अमेरिकेच्या संसदेने देशभरच्या तळांसाठी तसा कायदा केला.

तळाच्या आत ठरवून आग लावण्याचे वेळापत्रक बसले. साधारण तीन वर्षांनी प्रत्येक भागाची पाळी. म्हाताऱ्या झाडांची वाट पाहत बसण्याइतका वेळ नव्हता, म्हणून लाकडी खोकी तयार करून तरुण झाडांच्या खोडांत बसवली, म्हणजे पक्ष्याला तयार घर मिळाले. २००६ मध्ये या भागातल्या पक्ष्यांनी ३५० कुटुंबांचे ठरलेले लक्ष्य गाठले, अपेक्षेपेक्षा पाच वर्षे आधी. सरावावरची बरीच बंधने सैल झाली. १९७० च्या दशकात सगळ्या अमेरिकेत या पक्ष्याच्या दीड हजाराहून कमी वसाहती उरल्या होत्या. त्या आता ७,८०० च्या घरात आहेत आणि २०२४ मध्ये त्याचे नाव अधिक गंभीर यादीतून एक पायरी खाली आणले गेले. धोका अजून संपलेला नाही, पण कमी झाला आहे.

याच तळावर एक तपकिरी फुलपाखरू आहे, सेंट फ्रान्सिस सॅटर. जगात दुसरीकडे कुठेही ते सापडलेले नाही. बीव्हर नावाचा प्राणी ओढ्यावर बांध घालतो, त्यामुळे जी ओली गवताळ जागा तयार होते तिच्यात ते राहते. त्याला जपायचे म्हणून आधी शास्त्रज्ञांनी काही जागा आग आणि पाण्यापासून दूर ठेवल्या, तर तिथली फुलपाखरे कमी होत गेली. तोफा डागल्या जातात त्या भागात मात्र ती टिकून होती. तेव्हा कळले की अधूनमधूनची आग आणि पूर याच त्याच्या गरजा आहेत. जपणे म्हणजे हात न लावणे, ही समजूत इथे खोटी ठरली.

नाण्याची दुसरी बाजू

इथेच थांबलो तर लेख गोड होईल, पण अर्धाच राहील. त्याच नॉर्थ कॅरोलायनात कॅम्प लेजून नावाचा आणखी एक मोठा तळ आहे. तिथेही हाच सुतारपक्षी आहे आणि त्याची काळजी घेतली जाते. परंतु १९५३ ते १९८७ या काळात त्या तळावरच्या सैनिकांच्या घरांना जे पिण्याचे पाणी मिळत होते, त्यात यंत्रे धुण्याची आणि कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगची विषारी रसायने मिसळलेली होती. लाखो माणसे ते पाणी प्यायली. त्यात गरोदर बायका होत्या, तान्ही मुले होती. रक्ताचा कर्करोग, मूत्रपिंडाचा कर्करोग, कंपवात अशा आजारांशी त्या पाण्याचा संबंध पुढे सरकारनेच मान्य केला. पीडितांना सरकारवर भरपाईचा दावा लावता यावा यासाठीचा कायदा व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

इंग्लंडमधले इंबर गाव घ्या. १९४३ च्या डिसेंबरात सैन्याच्या सरावासाठी ते रिकामे केले गेले. गावकऱ्यांना वाटले, युद्ध संपले की परत येऊ. ते कधीच परत येऊ शकले नाहीत. आज त्या सॅलिसबरी प्लेनच्या पठारावर दुर्मिळ फुले आहेत, फुलपाखरे आहेत, निसर्गप्रेमी त्याची वाहवा करतात. ती खरीही आहे. पण त्या गवताखाली कोणाच्या तरी चुली आहेत, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून आम्हाला वाटते, अशा प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारावेत. पक्षी किती वाढले, आणि माणसांचे काय झाले? पहिल्याचे उत्तर आकड्यांत मिळते. दुसऱ्याचे मिळवण्यासाठी मागे लागावे लागते.

हा प्रश्न नवा नाही. मदीनेजवळ नकी येथे सैन्याच्या घोड्यांसाठी कुरण राखले गेले होते. अशा राखीव जागेला अरबीत "हिमा" म्हणतात. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी अशाच एका कुरणावर माणूस नेमला, तेव्हा त्याला दिलेली ताकीद हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. तिचा आशय असा: ज्याच्याकडे थोडेच उंट आणि थोड्याच मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. मोठ्या श्रीमंतांच्या कळपांना मोकळीक देऊ नको, त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे शेते आणि खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची जनावरे मेली तर तो लेकरांना घेऊन दारात उभा राहील. आणि ज्याच्यावर अन्याय होईल त्याच्या हाकेची भीती बाळग. कुरण सैन्यासाठीच होते, तरी हिशोब आधी गरिबाचा केला गेला.

आपल्याकडे काय आहे

राजस्थानातल्या पोखरणचे नाव १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे सर्वांना माहीत आहे. त्या पोखरणच्या गोळीबार-मैदानात आणि आसपासच्या माळावर माळढोक पक्षी राहतो. देशात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्याही आत असल्याचे अभ्यासकांचे अंदाज सांगतात. मैदानाबाहेर विजेच्या तारांना धडकून हा जड अंगाचा पक्षी मरतो. २०१९ पासून जैसलमेरजवळ त्याची अंडी उबवून पिले वाढवण्याचे केंद्र चालू आहे. जिथे माणसाला जाण्यास बंदी आहे तिथे त्याला थोडी उसंत मिळते, ही गोष्ट फोर्ट ब्रॅगसारखीच.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातला कडू धडा आला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक होता. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, पण त्याची हद्द सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर इतकी मोठी आखली गेली. त्यात सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातली असंख्य गावे, शेते, घरे आली. जमिनीचे व्यवहार अडले, कामे रखडली. पुष्कळ शेतकऱ्यांनी माळढोक डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, पण त्याच्या नावाने बोटे मोडली जाऊ लागली. बऱ्याच वर्षांनी हद्द कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर माळ नांगरले गेले होते, ऊस पोचला होता. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

दोन्हीकडचा फरक पाहा. अमेरिकेतही आधी शेजारी चिडले होते. तिथे त्यांना बोलावून विचारले गेले की, तुमची भीती कशाची आहे? मग त्या भीतीवर करार लिहिला गेला. आपल्याकडे नकाशावर रेघ आधी ओढली गेली.

सैन्याकडून घडलेले एक चांगले काम आपल्याकडेही आहे. १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन डेहराडूनला उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर उघडे पडले होते. माजी सैनिकांनी तिथे खड्डे खणले, रोपे लावली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती जगेपर्यंत राखली. अशीच एक बटालियन मराठवाड्यासाठीही उभारली गेली आहे. झाड लावण्याचा फोटो एका दिवसात निघतो. तीन उन्हाळे पाणी घालायला मात्र शिस्त लागते, आणि सैनिकाजवळ ती असते.

आपल्या हातातले

तोफा आणि रणगाडे आपल्या हातात नाहीत. आपल्या गावातले कब्रस्तान मात्र आपल्या हातात आहे. कित्येक गावांत सगळीकडे घरे झाली, तरी तेवढा तुकडा अजून मोकळा आहे. तिथे कडुलिंब, चिंच, वड अशी दोन-तीन पिढ्यांची झाडे असतात, आणि त्यांच्या खोडांत ढोल्या असतात. पोपट, पिंगळे, धनेश, खारी यांना तेच घर. शबे-बरातच्या आधी साफसफाईला जेसीबी येतो, तेव्हा जुने झाड "आडवे येते" म्हणून कापले जाते. आमची विनंती एवढीच आहे की, कापण्याआधी कमिटीच्या दोन माणसांनी सकाळी आणि संध्याकाळी त्याखाली उभे राहून वर पाहावे. कोण आत जाते, कोण बाहेर येते, ते कळेल. फांदी धोक्याची असेल तर तेवढी फांदी काढावी, खोड राहू द्यावे. गवत कापावे, पेटवू मात्र नये. तिकडच्या पाइनला आग मानवते, आपल्या कडुलिंबाच्या रोपाला आणि सह्याद्रीच्या उतारांना मानवत नाही. वणव्याने आपले किती डोंगर बोडके केले, ते दर उन्हाळ्यात दिसते.

आणि ज्या वाचकांची शेते एखाद्या अभयारण्याला किंवा लष्करी मैदानाला लागून आहेत, त्यांनी ग्रामसभेत एक गोष्ट आवर्जून मांडावी. हद्द आखण्याआधी आम्हाला विचारा, आणि जो शेतकरी आपल्या बांधावर पक्षी टिकवील त्याला त्याची शिक्षा होणार नाही, असे लेखी द्या. नॉर्थ कॅरोलायनात लष्कर आणि सरकार यांनी शेजाऱ्यांना असेच लिहून दिले, तेव्हा पक्षी वाढले.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर आपल्या गावच्या कब्रस्तानात किंवा गायरानात ढोलीची किती झाडे उरली आहेत, ते मुलांना सोबत घेऊन मोजा आणि आम्हाला कळवा. झाडाचे नाव, अंदाजे वय आणि आत कोण राहते, एवढे लिहिले तरी पुरे.